पंचांची वही

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तशी त्यांची अट आहे. लालबागच्या आमच्या चाळीत सगळे त्यांना पंच म्हणत, तेवढं पुरे. अन्याय झाला तो १९५६ सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सकाळी सात वाजता, चाळीच्या फाटकात. तो एका छापील पत्रकाने झाला. पत्रक मी लिहिलं होतं, मीच छापलं होतं आणि फाटकात उभा राहून मीच वाटत होतो. तेव्हा ह्या मजकुरातला आरोपी शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही.

आता माणूस बघा.

लालबाग-परळच्या चाळींत कॅरमचे सामने बघायला तुम्ही कधी उभे राहिला असाल तर हे तुम्हाला आठवेल. डाव रंगात आलेला, स्ट्रायकर दोन्ही रेषांना लागला होता की नाही ह्यावरून दोन्ही बाजूंची तोंडं सुटलेली, आणि मध्येच एक आवाज: “हात वर!” चौघे खेळाडू आपापले हात खांद्यापर्यंत उचलतात. पंचेचाळिशी ओलांडलेला, सदरा-धोतरातला एक किडकिडीत माणूस खुर्चीवरून उठतो, गुडघे जमिनीला टेकतो, हनुवटी बोर्डाच्या चौकटीवर ठेवतो आणि डावा डोळा मिटतो. मग निकाल. “लागला,” नाहीतर “नाही लागला.” पुढे तिसरं वाक्य नाही.

त्या निकालावर वाद घालायचा प्रयत्न त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने एकदा केला होता. मेहुणा हरला. त्या वर्षी गणपतीला तो जेवायला आला, पण पंचांनी स्वतः वाढलेला मोदक त्याने पानात तसाच ठेवला.

“खा रे,” पंच म्हणाले. “स्ट्रायकर चुकला होता. मोदकाने काय केलंय?”

ते स्वतः कधी खेळत नसत. मी एकदा विचारलं, “पंच, तुम्ही का नाही बसत डावाला?”

“बसलो की मला जिंकावंसं वाटेल. मग बघणार कोण?”

दिवसा ते कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्या नोकरीचा त्यांना ना अभिमान होता ना लाज. पण कचेरीतली एक सवय घरी आली होती. चाळीत काहीही बदललं की त्यांचा प्रश्न ठरलेला: “हे ठरलं, की नुसतंच झालं?” नळाची वेळ पुढे गेली, विचारलं. जिन्याखाली कोणी सायकल लावायला लागला, विचारलं. मी चळवळीत पडलो, गिरगावात फणसवाडीजवळच्या ज्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करायचो तिथेच मालकाच्या डोळ्यांआड पत्रकं छापायला लागलो, तेव्हा मलाही जिन्यात थांबवून विचारलं. “ठरवलंस, की नुसतंच झालं?” मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. कारण खरं उत्तर “नुसतंच झालं” असं होतं.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि मग मुद्द्यावर येतो. आमच्या स्पर्धेत आजूबाजूच्या चार चाळींतल्या जोड्या खेळत. एका वर्षी पलीकडच्या चाळीतला सखाराम जाधव खेळायला आला. पहिल्या फेरीत त्याच्यासमोर जी जोडी बसायची होती तिच्यातल्या एकाने पंचांना बाजूला घेऊन सांगितलं, “आमची हरकत नाही हो. फक्त त्यांचा डाव झाला की सोंगट्या तेवढ्या धुऊन घेऊ.” पंचांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. भिंतीवरच्या फळ्याकडे गेले आणि सखारामच्या जोडीपुढे ‘विजयी’ लिहिलं.

“अहो, पण आम्ही बसतोय ना!”

“नका बसू. घरी जा आणि काय धुवायचं ते धुवा. इथला डाव गेला.”

भाषण नाही, समतेवर प्रवचन नाही. मी असतो तर दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी सखारामचा जोडीदार होता भिकाजी. आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा, गिरणीत साच्यावर काम करायचा. पुढे चार वर्षं ती जोडी फुटली नाही.

मग छप्पनचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून रेडिओवर सांगितलं गेलं आणि त्यानंतरच्या आठवड्यात गिरगावपासून परळपर्यंत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यापैकी निम्म्यांनी ते आपल्या गॅलरीतून बघितलंय. आमच्या चाळीपुरतं सांगतो. भिकाजी पाळीवरून परत येत होता. नाक्यावर गोळी लागून गेला. हातात जेवणाचा डबा होता. तो डबा घेऊन माणसं वर आली तेव्हा त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, आधी तो उघडून बघितला, जेवला होता की नाही म्हणून.

आमच्या कॅरमच्या स्पर्धेचे शेवटचे सामने दरवर्षी सव्वीस जानेवारीला होत. फळ्यावर जोड्यांची नावं खडूने लिहिलेली होती. भिकाजी-सखाराम उपान्त्य फेरीत होते.

रविवारी सकाळी संचारबंदी थोडी सैल झाली तेव्हा कमिटी पंचांच्या गॅलरीत बसली. कमिटी म्हणजे चार माणसं: पंच, मी, पाट्या रंगवणारे अण्णा, आणि अण्णा म्हणतील त्याला मान डोलावणारे एक गृहस्थ.

मी म्हणालो, “ह्यात बसून बोलायचं काय आहे? रद्द. माणसं मेली आहेत.”

“मेली नाहीत,” पंच म्हणाले. “मारली. पत्रकं लिहितोस ना? नीट बोल.”

“मारली. मग तर रद्दच.”

“कोण करणार रद्द?”

“आपण. कमिटी.”

“कमिटी बोर्ड आणते आणि पावडर आणते. खेळणारे बत्तीस आहेत. एक गेला, एकतीस. त्यांना विचारलंस?”

“एकतीस जण एका जागी आणणार कसे? पाच माणसं दिसली की जमाव म्हणून उचलतायत.”

“म्हणून चारांनी फिरायचं. जे तिघं येतील ते आणि मी.”

अण्णांना त्या दिवसांतही हसू आलं. “पंच, गंमत बघा. कॅरमला माणसं लागतात चार. चौघं बसले तर कायदा काही म्हणत नाही. पाचवे तुम्ही! तुमच्या खुर्चीमुळे जमाव होतो.”

“होतो खरा,” पंच म्हणाले. पण हसले नाहीत.

मी भडकलो होतो. “अहो, नाक्यावर रक्त धुतलेलं नाही आणि तुम्ही दारोदार जाऊन काय विचारणार? खेळता का म्हणून? शोभतं का हे?”

“हे बघ. पाचांनी जमू नये असा हुकूम आहे. आपण काहीच न ठरवता गप्प घरात बसलो, तर सामने त्यांच्या हुकमाने बंद पडले. ते त्यांचं बंद. आपण विचारून, ठरवून, कारण लिहून बंद केले तर ते आपलं बंद. तुला फरक दिसत नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

खोटं कशाला लिहू? मला दिसत नव्हता.

रविवार, सोमवार आणि मंगळवारची सकाळ, पंच फिरले. कचेऱ्या धड चालू नव्हत्या, त्यामुळे वेळ होता. बरोबर कधी दोघं, कधी तिघं, सगळे मिळून चारांच्या वर कधी नाही. हातात शाळेच्या पोरांची असते तशी चाळीस पानी वही. दारात उभं राहायचं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचं, विचारायचं, लिहायचं, पुढचं दार. खेळणाऱ्यांत मीही होतो, म्हणून माझ्याही दारात आले.

“सामने व्हावेत की नाही? नाही तर का नाही?”

“माझं उत्तर छापून येईल,” मी म्हणालो आणि दार लावलं.

सखाराम तीन दिवस घराबाहेर पडला नव्हता. पंच तिकडे एकटेच गेले आणि बराच वेळ आत होते. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. मी एवढंच बघत होतो की सरकारी कचेरीतला एक माणूस, शहरात धरपकड चालू असताना, दारोदार जाऊन वहीत माणसांची नावं लिहितोय.

मंगळवारी दुपारी मी अंगणात उभा होतो. वर दुसऱ्या मजल्यावर भिकाजीचं दार उघडलं आणि आतून स्पर्धेचा मोठा बोर्ड बाहेर आला. दोघांनी उभा धरलेला, मागे अण्णा, आणि सगळ्यांत शेवटी सोंगट्यांची पिशवी हातात घेऊन पंच. भिकाजीला जाऊन आठ दिवस झाले नव्हते.

मी वर गेलो नाही. कोणाला हाक मारली नाही. सरळ चालत गिरगावात छापखान्यात गेलो.

माझ्या कामाची पद्धत सांगितली पाहिजे. बाकीचे लोक पत्रक आधी कागदावर लिहितात, कोणाला तरी दाखवतात, मग ते छापखान्यात येतं. मी थेट खिळे उचलायचो. डोक्यातलं वाक्य हातातल्या पट्टीत, पट्टीतलं चौकटीत. कागद नाही, खाडाखोड नाही, दुसऱ्या कोणाची नजर नाही. मला ह्याची मोठी घमेंड होती. तासाभरात मजकूर तयार झाला. तो असा:

‘भिकाजीच्या चितेची राख निवली नाही तोच त्याच्या घरातून कॅरम उचलला! लालबागकरांनो, सव्वीस तारखेला सोंगट्या कोण उडवणार आहे ते ओळखा! आणि सरकारी कचेरीतला हा पंच दारोदार फिरून वहीत नावं टिपतो ती कोणासाठी, हेही विचारा!’

बुधवारी सकाळी सात वाजता मी फाटकात उभा होतो. पंच दुधाची लोटी घेऊन खाली आले. मी त्यांच्या हातातही एक पत्रक दिलं. तेवढी हिंमत होती. त्यांनी ते तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं.

“‘दारोदार’ खरं आहे,” ते म्हणाले. पत्रकाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि दूध आणायला गेले.

चाळीला फार वेळ लागला नाही. दुपारी नळावर त्यांच्या बायकोची कळशी रांगेतून मागे सरकवली. संध्याकाळी कोणीतरी गॅलरीतून ओरडलं, “हात वर!” आणि तीन मजले हसले. सव्वीस तारखेला सामने झाले नाहीत. लोक म्हणाले, पत्रकाने बंद पाडले. मी ते खोडून काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या कचेरीत माझं पत्रक पोचलं. कोणी नेलं, माहीत नाही. ते तिथे वेगळ्याच डोळ्यांनी वाचलं गेलं. मी लिहिलं होतं की हा माणूस सरकारसाठी नावं टिपतो. सरकारला तर असली वही कोणी दिली नव्हती. मग वही आहे कुठे? तीत नावं आहेत कोणाची? जमावबंदी असताना आपला नोकर त्या भागात कसली माणसं गोळा करत होता? पंचांना लेखी विचारणा झाली. त्या कागदाला माझं पत्रक टाचलेलं होतं. वही आठ दिवसांत हजर करावी, म्हणजे प्रकरण मिटेल, असं त्यांना तोंडीही सांगण्यात आलं.

रविवारी दुपारी पंच माझ्या खोलीवर आले. धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली ती वही त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवली.

“ही तुझ्याकडे असू दे.”

“माझ्याकडे?”

“शोधायला आले तर माझ्या घरी येतील, माझ्या मित्रांकडे जातील. तुझ्याकडे नाही येणार. तू माझा वैरी आहेस, हे छापील आहे.”

मी वही जवळ ओढली. “आणि कचेरीत काय सांगणार?”

“माझ्याकडे वही नाही. आता खरंच नाही.”

“पंच, मी खुलासा छापतो. आजच. तुम्ही आमचे आहात, चळवळीचे आहात, असं स्पष्ट लिहितो.”

“देवा!” ते म्हणाले. “तू मला वाईट म्हणालास तर चौकशी लागली. चांगलं म्हणालास तर उद्याच घरी बसवतील. तू काही छापू नकोस. वाच आणि गप्प बस. जमेल?”

ते गेल्यावर मी वही उघडली. एकेका खेळाडूला एकेक पान. वर नाव, खाली तो जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. कोणी म्हणाला होता, तेरावं झाल्यावर खेळू. कोणी म्हणाला होता, ह्या वर्षी बोर्डाला हात लावणार नाही. एकाने सांगितलं होतं, “मला राणी घ्यायची होती ह्या वर्षी, पण आता लाज वाटते तसं म्हणायची, लिहू नका.” पंचांनी तेही लिहिलं होतं, आणि पुढे कंसात ‘लिहू नका म्हणाला’.

पण माणसं नुसत्या कॅरमबद्दल बोलली नव्हती. आठ दिवस घरात कोंडलेल्या माणसाला कोणी पहिल्यांदा ‘तुला काय वाटतं’ असं विचारलं की तो जे बोलतो ते सगळं तिथे होतं. कोण कुठल्या नाक्यावर होता. कोणाच्या माळ्यावर कोणाचा भाऊ लपला होता. सखारामचं पान सगळ्यांत मोठं होतं. त्याने परवानगी दिली म्हणून लिहितो. भिकाजी पडला तेव्हा त्याला उचलायला धावलेल्यांत तो होता. त्याच्या आधी दगड मारणाऱ्यांतही तो होता. उजव्या दंडाला जखम होती आणि इस्पितळात गेलं तर नाव विचारतील म्हणून तो हळद लावून घरात बसला होता. शेवटी त्याचं उत्तर होतं: “माझ्या समोरची जागा रिकामी आहे. मी बसू कोणासमोर?”

ही वही कचेरीत गेली असती तर पंचांची नोकरी वाचली असती. चाळींतली किती घरं बुडाली असती ते तुम्हीच बघा.

वहिनींचंही पान होतं. त्या खेळाडू नव्हत्या, पण पंचांनी त्यांनाही विचारलं होतं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. “खेळा नायतर खेळू नका. पण तो बोर्ड आधी माझ्या खोलीतसून हलवा. गावाकडची माणसां येतली, त्यांका निजवू खंय?”

बोर्ड दरवर्षी भिकाजी घासून-पुसून द्यायचा. म्हणून तो त्याच्या खोलीत होता. दहा बाय बाराची खोली. मंगळवारी चौघांनी तो उचलला आणि जिन्याने वर नेला, तिसऱ्या मजल्यावर, पंचांच्या खोलीत. मी अंगणात दोन मिनिटं जास्त उभा राहिलो असतो तर मला तो वर जाताना दिसला असता.

माझं पान होतं. नाव, आणि खाली: ‘माझं उत्तर छापून येईल.’ त्यापुढे मोकळी जागा सोडली होती. मी परत येऊन काही सांगेन अशी त्यांना आशा असावी.

आणि सगळ्यांत शेवटच्या पानावर, फाटकात लावायच्या पाटीचा मसुदा होता. अण्णा तो बुधवारी रंगवणार होते. ‘आमचा भिकाजी व इतर मारले गेले. खेळणाऱ्या सर्वांना विचारून ह्या वर्षीचे सामने बंद ठेवले आहेत. शोकासाठी बंद. हुकमासाठी नाही.’

म्हणजे तेही रद्दच म्हणत होते. मी म्हणत होतो तेच. फक्त मी एका तासात म्हणालो आणि त्यांनी एकतीस दारं चढून म्हटलं. आणि ते शेवटचं वाक्य सरकारी नोकराच्या हस्ताक्षरात आहे, हे विसरू नका. माझ्या सबंध चळवळीत मी एवढ्या धोक्याचं एकही वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं नाही. खिळ्यांना हस्ताक्षर नसतं.

मी वर गेलो. “पंच, पाटी लावा. अजून लावा.”

“आता नाही. आता लावली तर लोक म्हणतील तुझ्या पत्रकाला घाबरून लावली. मग ते तुझं बंद होईल.”

त्यांना कामावरून काढलं. कारण लिहिलं होतं, माहिती दडवली आणि वरिष्ठांशी असहकार केला. पंचांनी त्या कागदावर पोच म्हणून सही केली आणि घरी येताना भायखळ्याच्या बाजारातून भाजी घेऊन आले. बायकोने विचारलं, आज लवकर कसे? म्हणाले, “उद्यापासून रोजच लवकर.”

ते आणखी एक वर्ष चाळीत राहिले. पुढच्या जानेवारीत स्पर्धा झाली. पंचाच्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलं. हे मात्र खास आपल्या लोकांचं: कोणी ठराव केला नाही, कोणी नको म्हणालं नाही. नुसतं बोलावलंच नाही. पंच तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून वरून बघत होते. खाली एकाचा स्ट्रायकर रेषेवर चुकला. मी वर बघितलं. त्यांचा डावा डोळा मिटला होता. ओठ हलले नाहीत.

सखाराम जिना चढून वर गेला. “पंच, चला ना खाली.”

“मला बोलवायचं ठरलंय, की तुला वाटलं?”

“मला वाटलं.”

“मग नको. पण तुला वाटलं हे बरं झालं.”

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात पंच आणि त्यांची बायको गावी गेले. भाऊच्या धक्क्यावर पोचवायला सखाराम आणि मी होतो. दोन ट्रंका, एक वळकटी. बोटीत चढायच्या आधी मी म्हणालो, “पंच, कधीतरी हे मी लिहिणार.”

“लिही. माझं नाव घालू नकोस. नाव घातलंस की ते माझं एकट्याचं गाऱ्हाणं होतं.”

“मग कसं लिहू?”

“आधी कागदावर लिही,” ते म्हणाले. “आणि कोणाला तरी दाखव.”

हा मजकूर मी कागदावर लिहिला आहे आणि सखारामला दाखवला आहे. त्याने तीन ठिकाणी खोडलं.

ह्या एक मेला राज्य मिळालं. लालबागला पेढे वाटले, दिव्यांच्या माळा लागल्या, मीही नाचलो. दुसऱ्या आठवड्यात मी पंचांच्या कचेरीत गेलो. साहेब बदललेले होते, माणसं बोलायला बरी होती. त्यांनी सांगितलं, फेरविचार होऊ शकतो. त्यांना वही नको. पंचांनी ज्यांना विचारलं त्यांनी आपल्या सहीने एवढंच लिहून द्यावं की पंचांनी कसलाही जमाव भरवला नाही आणि कोणासाठी नावं गोळा केली नाहीत. ते फक्त सामने ठेवावेत की नाही हे विचारायला आले होते. पंचांना निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. चार वर्षं ते पुन्हा त्या टेबलावर बसू शकतात, कपाळावरचा डाग पुसून. त्यांना ते हवं आहे. मी पत्र टाकून विचारलं होतं. पोस्टकार्डावर उत्तर आलं: ‘अर्ज कर. पण लोकांना आधी विचार.’

मी विचारतो आहे. दोन महिने विचारतो आहे. सह्या दोन झाल्या: सखारामची आणि माझी. उरलेल्या एकोणतीस खेळाडूंपैकी कोणीही नकार दिलेला नाही. एक म्हणतो, बघू. एक म्हणतो, आता कशाला उकरायचं, राज्य आलं ना! एकाचा मुलगा सरकारी नोकरीच्या यादीत आहे. एकजण माझी चाहूल लागली की संडासात जातो आणि मी जिना उतरेपर्यंत बाहेर येत नाही. हीच माणसं एक मेला माझ्या गळ्यात पडून रडली.

तुम्ही त्या एकोणतिसांतले असाल तर अर्ज माझ्याजवळ आहे. नसाल तर त्यांच्यातला एखादा तुमचा शेजारी आहे, पाळीवरचा सोबती आहे, साडू आहे. त्याला हे वाचून दाखवा आणि घेऊन या. वही बघायची असेल तर आपलं पान बघा, दुसऱ्याचं दाखवणार नाही. मग सही करा. करायची नसेल तर तेही चालेल. पण ‘बघू’ मी ह्यापुढे ऐकणार नाही. ‘मी सही करणार नाही’ असं कागदावर लिहा, का ते लिहा, आणि त्याखाली आपलं पूर्ण नाव घाला.